गच्चीवरच्या नळीचं तोंड

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी एमआरआयच्या खोलीबाहेर एका बाईंना बांगड्या उतरवायला लावत होते. आज त्याला महिना होत आला. आप्पा आमचे हेड टेक्निशियन. कोल्हापूरच्या तालमीत वाढलेले, बोलायला फटकळ. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समजावलं, की वाढदिवसाच्या फुग्यात भरतात तोच हेलियम या मशीनच्या पोटात असतो, पण पातळ, उणे दोनशे एकोणसत्तर अंशाला. त्याच्याच गारव्यावर आतलं चुंबक चालतं. हा वायू आधी सूर्याच्या उजेडात सापडला, मग पृथ्वीवर, हे सांगताना तर छाती अशी फुगायची, जणू स्वतःच जाऊन आणलाय. मशीन बिघडून तो उकळला तर एका लिटरचा सातशे लिटर होतो. तो बाहेर पडायला गच्चीवर एक जाड नळी काढलेली असते.

आणि मी काय करावं? मी शिरोळची, महापूर बघितलेल्या घरातली. पावसाळा तोंडावर आला की दिसेल त्याला प्लास्टिकचा कागद बांधायचा, हे अंगातच मुरलेलं. नळीत पाणी जाईल म्हणून तिच्या तोंडाला कागद आवळून आले, वर शहाणपणानं दुहेरी गाठ मारली.

आप्पा रोज एकदा गच्चीवर जायचेच. त्या दिवशी खाली आले ते कागद हातात घेऊन. नवरा तेव्हा काम सुटून घरी बसलेला, लेक लहान. वाटलं, गेली नोकरी. पण आप्पांनी आवाजही चढवला नाही.

"पोरी, ह्या वायूला वास न्हाय, रंग न्हाय. कोंडला की खोलीतली हवाच ढकलून लावतोय. माणूस गप झोपतंय, ते उठत न्हाय."

मग म्हणाले, कुणाला सांगू नगंस.

चारच दिवसांनी मशीन खरंच बिघडलं. आत चंदगडच्या एक आजी होत्या, कंबरदुखीच्या. मोठा फूत्कार झाला, गच्चीवर पांढरा लोट उठला... आजी आप्पांच्या दंडाला धरून बाहेर आल्या आणि चहा मागितला. मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले. कागद तिथंच असता तर त्या आजी वाचल्या नसत्या, त्यांना आणायला आत धावलेली मीही नाही.

हे अकरा वर्षं पोटात ठेवलं. रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर आमच्या सेंटरचे मालक डॉक्टर भेटले आणि मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. ते शांतपणे म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. आप्पाच सांगायला आले. मी तुम्हाला काढणारच होतो. तर म्हणाले, 'तिला काढू नगासा साहेब. नवा माणूस ही चूक पहिल्यापास्नं करंल. हिच्याकडनं आता जन्मात व्हनार न्हाय.'"

आप्पा, माझी लेक याच नोकरीवर शिकली. तुम्हाला एवढं तोंडानं सांगायचं राहूनच गेलं...