रोटरवरची भेग

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितलं असतं का? बहुतेक नसतं.

पडेगावला माझं गॅरेज आहे. काम शिकलो सांडू उस्तादांकडं. जुन्या पेट्रोल व्हॅनचे प्लग, कॉइल, डिस्ट्रिब्युटर – यात त्यांचा हात धरणारा शहरात कुणी नव्हता. त्यांचा एक नियम होता. बदललेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचा, त्याशिवाय किल्ली परत द्यायची नाही. तोंडाच्या बोलण्याला त्यांच्या गॅरेजात काडीची किंमत नव्हती. मीही तो नियम आजपर्यंत पाळत आलो. एकदा सोडून.

पण आधी दुसरं सांगतो. नाही – हे कारण म्हणून सांगत नाही, घडलं तसं सांगतो. तेव्हा मी विशीत होतो. एका दुपारी पॉइंटचा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या ठिणगीच्या पार्टचा, नवा सेट सापडेना. उस्तादांनी गिऱ्हाइकांसमोर मला खिसे उलटे करायला लावले. आणि नेमके त्याच वेळी माझे वडील देवगाव रंगारीहून मला भेटायला आलेले, हातात धपाट्यांचं फडकं घेऊन दारातच उभे. खिशातून निघाला एक कंगवा आणि एसटीचं तिकीट. तासाभरानं तो सेट उस्तादांच्याच खुर्चीमागं सापडला. तेव्हा ते काय म्हणाले असतील? "चल, कामाला लाग." एवढंच. वडील तोवर निघून गेले होते. त्यांनी मला त्याबद्दल कधी विचारलं नाही, मीही कधी विषय काढला नाही. पुढं वडील वारले, आणि त्यांना मी चोर वाटलो होतो की नाही हे मला आता कधीच कळणार नाही.

तो राग मी जपला. लग्न झालं, स्वतःचं गॅरेज झालं, तरी जपला. सणावाराला उस्तादांच्या पाया पडायचो आणि मनात म्हणायचो – थांब म्हाताऱ्या.

उस्तादांचं वय झालं, त्यांनी गॅरेज बंद केलं. उरली त्यांची स्वतःची जुनी व्हॅन. तिला मात्र दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. प्लग स्वतः साफ करायचे, गॅप स्वतः बघायचे. गल्लीतली माणसं अजून त्यांना इंजिनाचा आवाज ऐकायला बोलवायची. त्याच्यावरच म्हातारा ताठ होता, हे मला चांगलं ठाऊक होतं.

मग एके सकाळी ती व्हॅन माझ्या गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर बंद पडली. आम्ही ढकलत आणली. उस्ताद घामाघूम झालेले. मी म्हणालो, "माठातलं पाणी प्या, तोवर बघतो." सीट उचलली, खालचं इंजिन बघितलं. कॉइलची वायर खड्ड्यांनी हिसके बसून डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधून निसटली होती. बस्. दोन बोटांनी दाबली की गाडी चालू. यात कुणाची चूक होती? कुणाचीच नाही.

दाबली मी वायर. आणि मग – इथं माझा हात थांबायला हवा होता ना? थांबला नाही. मी ती कॅप काढली. आतला रोटर, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा फिरता तुकडा, नवाकोरा होता, आठवड्यापूर्वीच उस्तादांनी बसवलेला, अगदी नीट. तो पुसून परत जागेवर ठेवला. भंगाराच्या डब्यातून दुसरा उचलला, त्याच कंपनीचा, खालून बारीक भेग गेलेला. फडक्यानं चोळून चकचकीत केला. आणि उस्ताद आले तसा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"उस्ताद, हा निघाला आतून. भेगेचा रोटर बसवला तुम्ही. दिसला नाही का?"

त्यांनी माझ्यावर संशय घेतला नाही. कसा घेतील? पार्ट हातात होता. त्यांनी भेगेवरून नख फिरवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्याच बसवला रं," ते म्हणाले. "उजेडात बघून बसवला व्हता. दिसलं कसं नाय?" तो रोटर त्यांनी खिशात घातला. आणि मला आनंद झाला. थोडाथोडका नाही, लई झाला. घरी जाऊन दोन भाकरी जास्त जेवलो.

त्या दिवसापासून उस्तादांनी पाना हातात धरला नाही. प्लग साफ करायलाही व्हॅन माझ्याकडं आणू लागले, आणि मी काम करत असताना शेजारच्या स्टुलावर बसून राहायचे. पुढं व्हॅन विकली. आता ते बिडकीनला मुलीकडं असतात.

गेल्या महिन्यात मी तिथं गेलो होतो. सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. मुलीनं चहा ठेवला. तेवढ्यात शेजारचा रिक्षावाला आला – रिक्षा चालू होईना, बाबा जरा बघता का? उस्तादांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले. "मला दिसत न्हाय बाबा आता. माझ्या हातून नको." मग माझ्याकडं बोट केलं. "ह्याला दाखव. ह्याला म्या शिकवलंय."

मी उठलो. प्लग काळा पडला होता. साफ केला, बसवला, रिक्षा पहिल्याच झटक्यात चालू झाली. उस्ताद हसले, मान डोलावली. त्यांना दिसत होतं – तो प्लग, त्यावरचा काजळीचा ठिपका न ठिपका, सगळं दिसत होतं. हे तिथं फक्त मला माहीत होतं.

तोंडाशी आलेलं मी गिळलं. चहा प्यायलो, पाया पडलो, निघालो. त्यांनी हात मागं घेतले होते ना, तेव्हासुद्धा मला आत कुठंतरी बरं वाटलं होतं.