हापशाबद्दलचं निवेदन

लातूरमधल्या ज्या मुलींच्या वसतिगृहात मी रेक्टर होते, त्याच्या मागच्या भिंतीपलीकडे एक हापसा होता. सगळी वस्ती त्यावर पाणी भरायची. त्या उन्हाळ्यात आमची बोअर आटली, हापसा मात्र चालू होता. आम्ही नवी बोअर खोल घेतली तर तो बंद पडणार, हे कळायला तज्ज्ञाची गरज नव्हती.

वसतिगृह चार कॅथलिक सिस्टर चालवत. भूकंपानंतर त्या किल्लारीकडे आल्या आणि इकडेच राहिल्या. मोठ्या सिस्टर केरळच्या. मी शाळेत असताना आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो, तेव्हापासून त्या मला ओळखतात. टँकर आला की मी पुढे घुसून भांडायचे, त्या कळशी घेऊन रांगेत शेवटी उभ्या राहायच्या. मराठी त्या शेडमध्येच शिकल्या, म्हणून अजून ‘हाव’ आणि ‘न्हाई’ म्हणतात. मी पन्नाशीला टेकले तरी त्यांच्यासाठी ‘पोरी’च आहे.

अलीकडे त्यांनी हवामान न्यायाचं काम घेतलं होतं. पाऊस बिघडवला एकांनी आणि घागरी रिकाम्या राहिल्या दुसऱ्यांच्या, हे कुणीतरी सरकारला सांगायला हवं, असं त्यांचं म्हणणं. सांगायचं म्हणजे कलेक्टर कचेरीसमोर उन्हात सतरंजी टाकून बसायचं आणि आत निवेदन द्यायचं: शहरात खोल बोअर घेऊ देऊ नका, गरिबांचे हापसे आटतात. सही सिस्टरांची, अक्षर माझं. पोच घेऊन फाइलला लावायची तीही मीच. फाइल जाड झाली. बाकी काही झालं नाही.

आणि मार्चमध्ये मीच बोअरची गाडी बोलावली.

परीक्षेला दोन महिने राहिले होते. लोहा, उमरीकडून डॉक्टर व्हायला आलेल्या मुली एका बादलीत अंघोळ आणि धुणं उरकत होत्या. एक जण म्हणाली, ‘मॅडम, केमिस्ट्री जमून राहिली, केस धुणं जमत न्हाई.’ ती हसत होती, पण मला हसू आलं नाही.

गाडी सकाळी दारात उभी राहिली. मोठ्या सिस्टरांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘किती फूट?’

‘पाणी लागेल तिथपर्यंत.’

‘अन् हापसा?’

‘सिस्टर, मुलींचं वर्ष आहे. हापशाचं नंतर बघू.’

‘आम्ही बसतो,’ त्या म्हणाल्या.

बसणं ही त्यांची रीत. मोठा निर्णय असला की चौघी चॅपलमध्ये तासभर गप्प बसतात, मग एकेक जण बोलते. एकीचंही मन तयार नसेल तर पुन्हा बसायचं. भर सीझनमध्ये बोअरची गाडी दारात थांबवून असं कुणी बसत नाही. या बसल्या. तमिळ ड्रायव्हर दोनदा घड्याळ दाखवून गेला. शेजारी एका क्लासवाल्याचं होस्टेल होतं. त्याचा मॅनेजर गेटशी आला. ‘मॅडम, तुमचा सत्संग होऊ द्या निवांत. तोवर गाडी आमच्याकडं लावतो.’

मी अडवलं नाही. कशाच्या जोरावर अडवणार होते?

नवी बोअर घ्यायची नाही असं ठरवून चौघी बाहेर आल्या तेव्हा शेजारी धुळीचा लोट उठला होता. सहाशे फुटांवर त्याला पाणी लागलं. आठ दिवसांत हापसा नुसताच खडखडायला लागला.

‘तुमचे हात स्वच्छ राहिले, सिस्टर,’ मी म्हणाले. ‘पाणी गेलंच.’

‘हाव,’ त्या म्हणाल्या. ‘गेलं.’

दुसऱ्या दिवशी वस्तीतली एक बाई रिकामा हंडा घेऊन गेटवर आली. ‘गाडी तुमच्या दारात हुती म्हणं, मॅडम?’

मी जे झालं ते सांगितलं.

‘म्हंजे तुमी बसलाव अन् त्यानं नेलं. आमाला काय, कुनी बी नेलं तर सारखंच.’

सिस्टरांनी आमच्या टाकीतून भिंतीपलीकडे एक नळ काढून दिला. टाकीत पाणी टँकरचं, म्हणजे मुलींची बादली आणखी उणी झाली. सात मुली शेजारच्या होस्टेलला गेल्या. त्यांच्या आईवडिलांना मी दोष दिला नाही.

मग नवं निवेदन लिहायला बसले. शेजारच्या बोअरपासून सुरुवात केली होती. मोठ्या सिस्टर मागे उभ्या होत्या.

‘आधी आपलं लिही.’

‘आपलं काय?’

‘गाडी आपण बोलावली ते.’

‘निवेदनात असं लिहीत नाहीत.’

‘आमच्या मिस्सामध्ये, चर्चच्या प्रार्थनेत, पहिलं तेच असतं. आधी आपली चूक, मग बाकीचं मागणं.’

‘मी कुठं येते तुमच्या मिस्साला?’

‘येत न्हाईस. पण गाडी तू बोलावलीस ना, पोरी?’

कागद फाडला आणि नव्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलं, की शेजारी बोअर घेतलेली गाडी प्रथम आम्ही बोलावली होती.

कचेरीतल्या क्लार्कने न वाचताच शिक्का मारला. ‘पुन्हा हापसाच का, मॅडम?’

‘पुन्हा हापसाच.’

परत आले तेव्हा ती बाई नळावर होती. काय लिहिलं ते वाचा म्हणाली. मी पहिली ओळ वाचली.

‘हे खरं हाय,’ ती म्हणाली. ‘अन् हापसा?’

‘तो खाली आहे. दुसऱ्या परिच्छेदात.’

तिने मान हलवली. नळाची धार बारीक होती. हंडा भरेपर्यंत दोघी तिथेच उभ्या राहिलो.