भोंगेवाल्याचं नाव

चिखल्याच्या देवजीचा गळा दर्याने घडवला. भरतीच्या आवाजापलीकडे होडीपर्यंत हाक पोहोचवायची, म्हणजे गळा खणखणीतच लागतो. डहाणू रोडच्या एका माइकवाल्याने ती हाक ऐकली आणि त्याला जाळ्यावरून उचलून भोंग्यापुढे उभं केलं. साल त्रेपन्न असेल. तेव्हापासून लग्न असो, कुस्त्या असोत की तलासरीच्या मैदानातली सभा, देवजीशिवाय पान हलत नसे. मराठी, गुजराती आणि पाड्यांवरची बोली, तिन्ही त्याच्या जिभेवर.

खरा कस लागायचा तो चैत्रात, महालक्ष्मीच्या जत्रेत. तिथे माणसं हरवायची. पोर हरवलं तर सोपं, पण नवरा हरवला की पंचाईत. किनाऱ्यावरच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत म्हणजे नाहीत. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणे.

"घोव हरपला माझा," बाई सांगायची.

"नाव?"

बाई पदर तोंडाला लावायची. मग देवजी गाव विचारी, होडी विचारी, थोरल्या पोराचं नाव विचारी आणि पुकारे, "चिखल्याच्या हंसाचे बाबा, असाल तिथून मंडपाशी या!" बाबा येत. बायको आधी भांडे, मग रडे. देवजी तोवर पुढच्या हरवलेल्याकडे वळलेला असे.

असे कितीतरी चैत्र गेले. हौस कधी विरली, त्याचं त्यालाही कळलं नाही. घसा सोलून निघायचा. घरी आला की तो खुणेनेच पाणी मागायचा आणि त्याची बायको सोनूबाई गरम पाण्याचा तांब्या पुढे ठेवायची. ती "अवो" म्हणायची, बाकी गाव "भोंगेवाला". आई गेल्यापासून देवजी म्हणून हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. आपण दुनियेची नावं पुकारली, आपलं कोणाच्या तोंडी आहे का, हे त्याला फार सलायचं. आवाज गेला की आपणही गेलो, असं त्याने मनाशी धरलंच होतं.

सदुसष्टच्या जत्रेत आवाज गेला. भर दुपारी, बोलता बोलता. घशातून नुसती हवा. जत्रेच्या कमिटीने मुंबईचा एक टायवाला निवेदक आणूनच ठेवला होता, म्हणजे त्यांना आधीच दिसत होतं तर! त्याने हसत हसत माइक काढून घेतला. देवजी मंडपामागे गेला आणि झावळ्यांच्या ढिगाला टेकून बसला. फार दमला होता. कोणी शोधू नये असं वाटत होतं, आणि शोधावं असंही.

थोड्या वेळाने भोंगा खरखरला.

"बोला बाई, कोण हरवलंय?"

"आमचे ते." सोनूबाईच! जत्रेत सुकट विकायला बसलेली, ती पाटी तशीच टाकून आली होती.

"नाव सांगा."

भोंग्यातून नुसत्या बांगड्या वाजल्या; पदर तोंडाला गेला असणार. अरे, होडी विचार, पोर विचार! देवजी ओरडला, पण नुसते ओठ हलले. आणि विचारून तरी काय? होडी केव्हाच विकलेली, पोर तर झालंच नाही.

"भोंगेवाले ते," सोनूबाई कशीबशी म्हणाली.

"भोंगेवाला आता मीच आहे, बाई. नाव सांगा नाव."

पाळणेवालेसुद्धा कान देऊन उभे राहिले.

"देवजी," सोनूबाई एकदाची म्हणाली. "देवजी! अवो, घरी चला."

अख्ख्या जत्रेवर ते नाव पसरलं. देवजीचे डोळे भरून आले. मंडप हाकेच्या अंतरावर होता, तरी तो लगेच उठला नाही. ती आणखी एकदा हाक मारेल, म्हणून तो तसाच बसून राहिला.