चांगुणाची खार आणि आमचा रविवारचा नकाशा

आमच्या ग्रुपने नकाशावर आजवर काय काय भरलं, याचा हिशेब कॉम्प्युटर ठेवतो. त्यातून झालेल्या किश्श्यांचा हिशेब कोणीच ठेवत नाही, म्हणून ते माझ्याकडे जुन्या चार्जरसारखे साठत जातात. कोणाला लागत नाहीत, आणि टाकवतही नाहीत.

आधी ग्रुपबद्दल सांगते. इंटरनेटवर एक फुकट नकाशा आहे. कोणीही वापरावा, कोणीही त्यात भर घालावी. आम्ही नेरूळ-जुईनगरची चार डोकी दर रविवारी सकाळी पायी फिरतो आणि दिसेल ते त्यात भरतो. पाणपोई, जिना, औषधाचं दुकान, वडाचं झाड. "यातून मिळतं काय?" असं माझा नवरा विचारतो. मी सांगते, "पुढची गल्ली."

* * *

ग्रुपचे मुखिया साळुंखेकाका. मूळचे साताऱ्याकडचे. उभी नोकरी न्हावा शेवा बंदरात गेली, कंटेनर सोडवण्याच्या कामात. कागदावर फरशी आणि आत भंगार, असले प्रकार त्यांनी इतके पाहिलेत की त्यांचा कागदावरचा विश्वास कायमचा उडालाय. "बगितल्याबिगर भरायचं न्हाई," हा त्यांचा नियम. जे जमिनीवर आहे तेच नकाशावर. बाकीचं ते उडवतात.

बाकडं भरायचं असेल तर काका आधी त्यावर बसून बघतात. एकदा नेरूळच्या बागेत असेच बसले, नीट पाठ टेकून बसले, मान हलवली आणि उठले.

पल्लवी म्हणाली, "काका, नकाशात बाकड्याचा रंगपण भरता येतो. जरा मागे वळता का?"

हिरवा होता. ओलाही होता!

* * *

ही पल्लवी आमच्यात सगळ्यात तरुण. सॉफ्टवेअरमध्ये आहे, घरूनच काम करते.

एका सोसायटीत आम्ही झाडं भरत होतो. सेक्रेटरी धावत आले. आम्हाला महानगरपालिकेचे समजून त्यांनी खुर्च्या मागवल्या, चहा मागवला आणि तुंबलेल्या गटाराची कहाणी अथपासून इतिपर्यंत ऐकवली.

चहा संपल्यावर पल्लवीने खरं सांगून टाकलं, "आम्ही कोणाचेच नाही हो. हौस म्हणून करतो."

"म्हणजे फुकट?"

"फुकट."

सेक्रेटरींनी वॉचमनला हाक मारली. "यांचे चेहरे नीट बघून ठेव. परत आत सोडायचं नाही. फुकट काम करणारी माणसं डेंजर असतात!"

* * *

पल्लवीला बघायला एक मुलगा येणार होता. तिला तो नको होता, तिच्या आईला हवा होता. त्या रविवारी नकाशावर पल्लवीची गल्ली अचानक वन-वे झाली. तीसुद्धा उलट्या दिशेने.

साळुंखेकाकांच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. त्यांनी फोन केला. "पोरी, ही गल्ली वन-वे कदी झाली?"

"आजच्यापुरती, काका. प्लीज."

काका स्वतः जाऊन बघून आले. बोर्ड नव्हता. त्यांनी गल्ली होती तशी करून टाकली. मुलाकडचे वेळेवर पोहोचले.

पुढचे काही रविवार पल्लवी काकांशी बोलली नाही. मुलाला तिने नकार दिला. काकांना मात्र तो आवडला होता. "गाडी लई सरळ लावली त्यानं," म्हणाले.

* * *

चौथे म्हात्रेकाका. जुईनगरच्या बाजूच्या जुन्या गावठाणातले. पूर्वी भातशेती, आता तीन मजली घर आणि भरपूर भाडेकरू. आमच्याकडे ते तक्रार घेऊन आले होते. "माझे भाडोत्र्यांची पार्सला दुसऱ्याच घरान जातान. माझा घर नकाशान घाला."

आम्ही कसं घालायचं ते शिकवलं, आणि तिथेच फसलो. आठवडाभरात त्यांनी शेजाऱ्यांची घरं घातली, देऊळ घातलं, पावसाळ्यात होड्या ओढून आणून शाकारायची जागा घातली. मग एके दिवशी मोबाईलच्या दुकानांच्या रांगेवर त्यांनी एक नाव टाकलं: चांगुणाची खार.

साळुंखेकाकांनी ते उडवलं. म्हात्रेकाकांनी परत टाकलं. यांनी परत उडवलं. हे काही दिवस चाललं. शेवटी रविवारी दोघं त्या दुकानांसमोरच समोरासमोर उभे राहिले.

"म्हात्रे, हितं कुटं हाय खार? हितं मोबाईलची कव्हरं इकत्यात."

"खालती हाय."

"खालचं मला दिसत न्हाई."

"मना दिसते."

पल्लवीने हळूच विचारलं, खार म्हणजे काय? म्हात्रेकाकांनी सांगितलं. खाडीला बांध घालून काढलेलं भाताचं शेत. हा बांध त्यांच्या आईने घातला होता, डोक्यावरून चिखल वाहून. म्हणून गाव त्या शेताला तिच्या नावाने ओळखायचं. सातबाऱ्यावर नाव वडिलांचं. पुढे शहर वसलं, जमीन गेली, सेक्टरला नंबर मिळाला.

"आयचा फोटू नाय आमचेकडं," ते म्हणाले. "नाव होता, तवराच."

पल्लवीने तोंड फिरवलं. त्या दिवशी साळुंखेकाकांनी आमच्याबरोबर चहासुद्धा घेतला नाही. घरी गेले आणि नाव उडवलं.

म्हात्रेकाका रविवारी यायचे बंद झाले.

* * *

पावसाळा सरता सरता ग्रुपवर म्हात्रेकाकांचा फोटो आला. दुकानांसमोरच्या रिक्षा स्टँडवर नवी कोरी पाटी: 'चांगुणाची खार रिक्षा स्टँड'. स्टँडवरचे निम्मे रिक्षावाले त्यांचेच भाडेकरू. आणि सगळ्याच भाडेकरूंना त्यांनी अट घातली होती म्हणे: पार्सलवाला असो, पाहुणा असो, पत्ता सांगताना आधी खार सांगायची, मग सेक्टर.

फोटोखाली लिहिलं होतं, "जमिनीवर हाय. आता घाला."

पल्लवीने टाळ्या पाठवल्या. मीही पाठवल्या. साळुंखेकाकांचं उत्तर आलं, "पाटी म्हंजे कागदच. पत्र्याचा."

मला त्यांचा इतका राग आला की रविवारी जायचंच नाही असं ठरवलं होतं. पण काकांनीच फोन केला. "ताई, नेरूळ स्टेशनला या. बगून येऊ."

स्टेशनबाहेर रिक्षांची रांग होती. काका सगळ्या रिक्षा सोडत रांगेच्या टोकाला गेले. तिथला रिक्षावाला मूळचा बनारसकडचा, राहायला तुर्भ्याला. म्हात्रे नावाचं कोणी त्याला ठाऊक नव्हतं. काकांनी हे सगळं आधी विचारून घेतलं. मग सेक्टर नाही, खूण नाही, नुसतंच म्हणाले, "चांगुणाची खार."

रिक्षावाल्याने मीटर टाकला. "चांगुणा की खार? आगेवाली, की पीछेवाली?"

"आगेवाली," म्हणत काका आत बसले. खिशातून चष्मा काढला, फोन काढला, आणि रिक्षा पुलावर चढेपर्यंत एका बोटाने टाईप करत राहिले. मी वाकून बघितलं. नाव त्यांनी स्वतः घातलं होतं.

स्टँडवर म्हात्रेकाका पाटीखालीच उभे होते. मी उतरताउतरताच त्यांना सगळं सांगितलं, रिक्षावाल्याने पुढची की मागची विचारलं तेही.

म्हात्रेकाकांनी दुकानांकडे बघितलं, दुकानांमागच्या टॉवरकडे बघितलं, आणि मग साळुंखेकाकांकडे वळले.

"मागचीपन घाला. तीपन आयचीच हाय."