तिसऱ्या खांबाचा तळ

लाइतोनी खेंबो होडीवाले. शिरे खोऱ्यातल्या आमच्या गावात पूल झाला आणि त्यांचा धंदा बसला. तरी पुलावर राग नव्हता. खांबांभोवती तारेच्या जाळ्यांत दगड भरायला तेच होते. तिसऱ्या खांबापाशी दगड संपले. मुकादम म्हणाला, "पुढच्या वर्षी." मुकादम परत आला नाही.

लाइतोनींना सारं गाव आगोगो, म्हणजे आजोबा, म्हणे. मग दर पुरात आगोगो त्या खांबाला होडी बांधून बांबू खाली सोडत. बांबूवर हात-हात अंतराने सालीच्या गाठी होत्या. गेल्या वर्षीच्या जानेवारीत त्यांनी दोन बांबू जोडले. अकरा गाठी बुडाल्या. तळ लागला नाही.

"पायाखालची वाळू गेली," ते मला म्हणाले. "तू झोंबाच्या कॉलेजात साहित्य शिकून आलास. रस्ते खात्याला अर्ज लिही. अकरा हात, एवढंच लिही. पुढच्या पुराआधी दगड पडले पाहिजेत."

मी इंग्रजीत दोन पानं लिहिली. नदीला भूक लागली आहे, पूल एका पायावरच्या बगळ्यासारखा उभा आहे, असं. आकडा मला रुक्ष वाटला. आगोगोंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी अंगठा उठवला.

रस्ते खात्याचे साहेब आले ऑगस्टात, आमच्याकडच्या कोरड्या दिवसांत. पाणी घोट्याएवढं. तिसऱ्या खांबाभोवती वाळू सपाट. साहेबांनी तिच्यावर बूट आपटले.

"आगोगो, खड्डा कुठंय? सुट्टीवर गेलाय?"

"पूर उतरताना नदीच वाळू आणून टाकते, साहेब. भुसभुशीत आहे. पुढच्या पुरात परत जाईल. पुरात इथं अकरा हात खोल होतं."

"अर्जात आकडा नाही. तारीख नाही. असती तर गज ठोकून बघितलं असतं. इथं तर बगळा आहे."

ड्रायव्हर हसला. परतताना आगोगो एवढंच म्हणाले, "बगळा कशाला घातलास रे?"

मी दुसरा अर्ज पाठवला, आकडा घालून. उत्तर आलं, पाहणी झालेली आहे.

फेब्रुवारीत नदी चढली. आगोगो पुलाच्या तोंडाशी बांबू आडवा धरून उभे राहिले.

"पूल तुझ्या बापाचा का?" कुणी ओरडलं.

"बापाचा असता तर दगड टाकून घेतले असते."

एक टोमॅटोवाली बांबूखालून वाकून निसटली. ते मागे धावले. दंड धरून तिला काठाकडे ढकललं. तेवढ्यात तिसरा खांब खाली बसला. बाई वाचली. आगोगो तीन दिवसांनी लव्हाळ्यात सापडले.

दफनानंतर त्यांची बायको एनिफा चटईवर बसली होती. पेटीतून तिनं पहिल्या अर्जाची नक्कल काढली.

"वाच. आपल्या भाषेत."

मी वाचलं. भूक वाचली. बगळा वाचला. ती शेवटपर्यंत थांबली.

"आणि अकरा हात?"

मी पानं उलटली.

"असेल कुठंतरी, नीट बघ," ती म्हणाली. "ते सांगायचे, पोरानं सगळं बरोबर लिहिलं होतं."