सहादेव गुरुजींचे ‘पावणे’

केडगावचे सेवानिवृत्त मराठी शिक्षक सहादेव गुरुजी यांची एकच इच्छा अपुरी राहिली होती. ‘पावणे’ या क्रियापदाचे जुन्या मराठीतील पाचही अर्थ त्यांना क्रमाने, एका बैठकीत, माणसांसमोर सांगावयाचे होते. शाळेत तिसऱ्या अर्थापाशी घंटा होई. निरोपसमारंभात दुसऱ्या अर्थालाच कोणी शाल पांघरवून त्यांना खाली बसविले. घरी पत्नी पुष्पावतीबाई पहिला अर्थ कानी पडताच कुकर लावावयास उठत; कुकर झालेला असला तर शेजारी जात.

अर्थ स्मरणात राहावेत म्हणून गुरुजींनी एक श्लोकही रचला होता, तोही शार्दूलविक्रीडित वृत्तात. वृत्त भारदस्त आहे, एवढाच विचार त्यांनी केला. मंगलाष्टकेही त्याच वृत्तात, त्याच चालीवर म्हणतात, हे त्यांच्या मनातही आले नाही.

यंदा पाथर्डीला त्यांच्या पुतण्याच्या मुलीचे, वृषालीचे, लग्न निघाले. त्या बाजूला पुढाऱ्यांनी आशीर्वादाचे दोन शब्द बोलल्यावाचून मंगलाष्टके सुरू होत नाहीत. वधूवर समोरासमोर उभे होते, मध्ये अंतरपाट धरला होता, मंडपभर मुठींत अक्षता होत्या आणि साहेबांचा पत्ता नव्हता. कंटाळून भटजी चहाला गेले. माईकवर निवेदन करणारा छगन गुरुजींकडे धावत आला.

“गुरुजी, सायेब तिसगावातच हायती. तवर तुमी धरा माईक.”

“किती वेळ बोलावे?”

“सायेब येईस्तोवर. तुमाला कोन अडवतंय?”

असे वाक्य गुरुजींनी उभ्या जन्मात प्रथमच ऐकले. त्यांनी उपरणे सारखे केले, घसा साफ केला आणि प्रारंभ केला. ‘पावणे’ म्हणजे प्रथम, पोहोचणे; दुसरे, मिळणे; तिसरे, हाती येणे, म्हणून जुन्या पत्रांत ‘पत्र पावले’ असे लिहीत.

वधूची आजी लंकाबाई शेजारणीला म्हणाली, “आमचे भावजी काय सांगत्यात गं?”

“काय की बाई. पन सपष्ट सांगत्यात.”

“लहानपनापासून तसंच हाय. कळत काय बी न्हाई, पन ऐकू लई येतं.”

गुरुजी चौथ्या अर्थावर आले : एखाद्या अवस्थेस जाणे, जसे लोप पावणे. तोही निर्विघ्न पार पडला. एकच अर्थ उरला होता. तेवढ्यात मागच्या रांगेत एकाने मोठी जांभई दिली. श्रोते हातचे जाऊ नयेत म्हणून गुरुजींनी डोळे मिटून, सूर लावून श्लोक उचलला :

“जो पावे नगरास तोच पथिकू, पावे तया अन्नही ऽऽ”

‘अन्नही’ वर त्यांनी वृत्ताला साजेसा लांब हेल काढला. सकाळपासून उपाशी मंडपाने शब्द ऐकले नाहीत, चाल ऐकली. अक्षतांचा पाऊस पडला. तो पाहून बँडवाल्यांनी ढोल बडवला. ढोल ऐकून, हात भरून आलेल्या दोघांनी अंतरपाट सोडला. आणि वृषालीने, आता उशीर नको म्हणून, माळ घालून टाकली.

भटजी कप घेऊनच धावत आले. त्यांनी राहिलेली मंगलाष्टके बँडच्या गदारोळात भरभर उरकली आणि घड्याळ पाहिले.

“मुहूर्त मात्र साधला,” ते म्हणाले. “पाथर्डीत हे मी प्रथमच पाहतो.”

मंडप पंगतीकडे धावला. व्यासपीठावर गुरुजी, माईक आणि पाचवा अर्थ, एवढेच उरले.

तशात साहेब आले. लग्न लागलेले, ऐकणारे कोणी नाही, फोटोवालाही जेवायला बसलेला. तो हात धुऊन येईपर्यंत त्यांना हलता येईना, कारण फोटोवाचून येणे म्हणजे न येणेच. ते सोफ्यावर बसले. गुरुजींनी माईक हाती घेतला.

“पाचवा अर्थ, प्रसन्न होणे. माझ्या मते हा पहिल्यातूनच निघाला. देव भक्तापर्यंत पोहोचतो, म्हणूनच तो पावतो.”

साहेबांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिले. “उशिरा पोचला तर चालतं का हो, गुरुजी?”

गुरुजींनी प्रश्नाचा मनापासून विचार केला.

“जुन्या मराठीत तसा दाखला माझ्या पाहण्यात नाही.”

साहेबांनी टाळ्या वाजविल्या. त्या एकट्याच्या असल्या तरी शेवटच्या अर्थानंतरच्या होत्या. गुरुजी पंगतीला गेले तेव्हा बुंदी संपली होती. त्यांनी वरणभात दोनदा मागून घेतला, आणि वाढणाऱ्याला तिसरा अर्थ, हाती येणे, पुन्हा एकदा समजावून सांगितला.