शून्याची डावी बाजू

मित्रांनो, आज लातूरला क्लासवर पार तोंडावर पडलो. लिहूनच टाकतो.

गणिताचे सर टँकरची वाट बघत घरी थांबले, म्हणून त्यांचा तास मी घेतला. मी फिजिक्सचा. फळ्यावर लिहिलं, |x| भागिले x. x शून्याकडे गेला की लिमिट किती? मी ०.१ टाकलं, ०.०१ टाकलं आणि ऐटीत सांगितलं, "एक!"

उशिरा आलेली रेणापूरची एक मुलगी उठली. "सर, डावीकडून उणे एक यायलंय. दोन्हीकडून सारखं न्हाई, म्हणजे लिमिटच न्हाई ना?"

मी डाफरलो, "आधी वेळेवर येत जा, मग शिकव मला." सगळा वर्ग हसला. ती खाली बसली.

तासानंतर स्टाफरूममध्ये गुपचूप −०.१ टाकून बघितलं. उणे एक. तिचंच बरोबर होतं.

गेटवर गाठून म्हणालो, "चुकलं माझं."

"जाऊ द्या सर. टँकरवर घागरी भरून मग बस धरते. लेट का झाला, तेवढं तरी विचारायचं होतं."

अपमान सगळ्या वर्गापुढं केला आणि माफी गेटवर, एकट्यात मागितली. उद्या फळ्यापुढं उभं राहून तेच म्हणणं माझ्याच्यानं होईल का?